‘मॅम, माझ्या मशीनवर तर चालतंय’: एलईडी वॉलवर सीन अडखळतो तेव्हा

हे वाक्य मी दरवर्षी ऐकते. नटाच्या मागे त्रिमितीय सीन दाखवणारी एलईडी वॉल उभी झालेली असते, भाड्याचे तास मोजायला सुरुवात झालेली असते, कॅमेरा ट्रायपॉडवर चढलेला असतो आणि मागचा सीन अडखळायला लागतो. वाड्याचा खांब जागच्या जागी थरथरतो, आभाळ मध्येच उजळून मंद होतं, नाहीतर डाव्या आणि उजव्या अर्ध्या भागाचा सांधा उघडा पडतो. नऊच्या नऊ मुलं माझ्याकडे बघतात आणि त्यातलं कुणीतरी अगदी कळवळून म्हणतं, “मॅम, माझ्या मशीनवर तर चालतंय.”

ते खोटं बोलत नसतं. त्याच्या मशीनवर खरंच चालत असतं आणि दुखणं तिथेच आहे. प्रत्येकाने आपापला तुकडा आपापल्या मॉनिटरवर पाहिलेला असतो. सगळे तुकडे एकत्र, दोन-दोन मशीनवर, कॅमेऱ्याच्या तालावर चालताना कुणीच पाहिलेले नसतात.

मी पुण्यात व्हीएफएक्स शिकवते आणि शेवटच्या वर्षाच्या टीमची व्हर्च्युअल प्रॉडक्शनची, म्हणजे मागचं दृश्य वॉलवर लावून थेट कॅमेऱ्यात टिपण्याची, तयारी माझ्याकडे असते. या मुलांची सगळी घडण ‘पोस्ट’मध्ये झालेली असते: शूट आधी, आपलं काम नंतर. एक फ्रेम रेंडर व्हायला, म्हणजे मशीनने रंगवायला, ४० मिनिटं लागली तरी बिघडत नाही, रात्रभर मशीन लावून ठेवायचं. वॉलवर त्याच फ्रेमला ४० मिलिसेकंद मिळतात आणि नट समोर उभा असतो. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर संगीत नाटकांचे पडदे रंगवत, तेव्हा तिसऱ्या घंटेच्या आत पडदा टांगलेला असायचा. मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगते की आपण पोस्ट करत नाही आहोत, आपण पडदा रंगवतो आहोत.

खाली जे लिहिते आहे ते अनरियल इंजिन हे त्रिमितीय सॉफ्टवेअर आणि एकच सीन अनेक मशीनवर वाटून दाखवणारा त्याचा भाग एनडिस्प्ले वापरणाऱ्या छोट्या टीमसाठी आहे. वॉल बहुतेक वेळा भाड्याची, लग्नात आणि सभांना लागते तशी.

आधी घड्याळ बघा

सीन अडखळला की सगळ्यांचा पहिला संशय ग्राफिक्स कार्डावर जातो. “कार्ड कमी पडतंय” म्हणून मुलं मॉडेलचे पोलिगॉन कापायला बसतात आणि दुपार निघून जाते. त्याआधी मोबाइलमधलं स्टॉपवॉच काढा आणि झटका किती वेळाने बसतो ते मोजा.

अगदी ठेक्यात, दर सेकंदाला एक झटका असेल तर कॅमेरा सेकंदाला २४ फ्रेमवर आहे आणि वॉल २५ वर, किंवा उलट. दोघांत सेकंदाला एका फ्रेमचा फरक पडतो आणि तो फरक झटक्याने भरून निघतो. साधारण ४२ सेकंदांनी एकदाच झटका बसत असेल तर एक जण २३.९७६ वर आहे आणि दुसरा २४ वर. सेकंदाला ०.०२४ फ्रेम मागे पडत पडत तेवढ्या वेळात एक आख्खी फ्रेम निसटते. हा दुसरा प्रकार फार फसवा आहे, कारण मुलं चाचणीचा टेक वीस सेकंदांचा घेतात, तो स्वच्छ येतो आणि सगळे निर्धास्त होतात. कॅमेऱ्याच्या मेनूत २३.९८ आणि २४ शेजारी शेजारी असतात, घाईत बोट भलत्यावर पडतं. चाचणीचा टेक दोन मिनिटांचाच घ्या.

ठेक्यातला झटका म्हणजे सिंकची, सगळ्यांचा ताल जुळवण्याची, चूक. सीनमधलं एक पानही कापू नका. सिंक जनरेटर एकच असावा आणि त्याचाच सिग्नल कॅमेऱ्याला, एलईडी प्रोसेसरला आणि रेंडर मशीनमधल्या सिंक कार्डाला जावा. भाड्याच्या वॉलचा प्रोसेसर आणि विंडोज हे दोन्ही बहुधा ६० हर्ट्झवर लावलेले मिळतात, ते स्वतः तपासून बदलून घ्यावे लागतात. सिनेमागृहासाठी २४ चीच अट नसेल तर विद्यार्थ्यांनी २५ फ्रेमवर शूट करावं, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. २५ फ्रेमला १८० अंशांचं शटर लावलं की एक्स्पोजर १/५० सेकंदाचं होतं आणि सेटवरचे साधे दिवे लुकलुकत नाहीत. वॉलही ५० हर्ट्झवर ठेवता येते, म्हणजे हिशेब सगळीकडे सरळ राहतो. २४ वर जायचंच असेल तर शटर १७२.८ अंशांवर आणा, म्हणजे १/५० मिळतो.

झटक्याला ठेका नसेल तर दिशा बघा. कॅमेरा एखाद्या बाजूला पहिल्यांदा वळला तेव्हाच अडखळतो आणि दुसऱ्यांदा नाही, असं असेल तर त्या क्षणी शेडर (पृष्ठभाग कसा रंगवायचा याच्या सूचना) तयार होत असतात किंवा टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवलेलं चित्र) डिस्कवरून ओढलं जात असतं. उपाय सोपा आहे. आदल्या संध्याकाळी प्रत्येक रेंडर मशीनवर सीन उघडून कॅमेरा सगळ्या कोनांतून सावकाश फिरवून घ्यायचा. ज्या मशीनवर शूट होणार त्याच मशीनवर, लॅबमधल्या नाही. एकाच बाजूला बघितल्यावर दर वेळी अडखळत असेल तर तिथे काहीतरी जड ठेवलेलं आहे, ते शोधा. आणि ठेका नाही, दिशाही नाही, असं असेल तर विंडोजकडे वळा: अपडेट, अँटिव्हायरस, वीज वाचवणारी सेटिंग्ज, दोन मशीनवर ड्रायव्हरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या. एका शूटला आमच्या उजव्या मशीनवर मागे फाइलींचा बॅकअप चालू होता. तो सापडायला दीड तास गेला आणि तोवर मुलांनी अर्धी झाडं काढून टाकली होती.

पावसातला वाडा

मागच्या बॅचचा सीन होता पावसातला वाडा. ओसरीची पायरी आणि एक लाकडी खांब खरे होते. चौक, तुळशीवृंदावन, समोरचा सोपा, कौलं आणि वरून कोसळणारी सर, हे सगळं वॉलवर. वॉल ५ मीटर रुंद, ३ मीटर उंच, अर्ध्या मीटरच्या चौकोनी पॅनेलची. डावा अर्धा भाग एका मशीनवर, उजवा दुसऱ्यावर.

लॅबमध्ये तो सीन बघताना मला स्वतःला ओल्या मातीचा वास आल्यासारखं झालं होतं. वॉलवर गेला आणि एकदम तीन गोष्टी बिघडल्या.

पहिली उजेडाची. कॅमेरा आभाळाकडून खाली ओसरीकडे आला की आख्खा चौक हळूहळू उजळायचा. शिवाय कॅमेऱ्याला दिसणारा भाग, ज्याला आपण इनर फ्रस्टम म्हणतो, तो भोवतीच्या भागापेक्षा फिका दिसायचा, जणू वॉलवर कुणी पांढुरका चौकोनी कागद चिकटवला आहे. कारण एकच: ऑटो एक्स्पोजर चालू राहिलं होतं. मॉनिटरवर ते सोयीचं वाटतं. वॉलवर मात्र प्रत्येक व्ह्यूपोर्ट, म्हणजे वॉलवरची प्रत्येक स्वतंत्र चौकट, आपल्यापुरता उजेड ठरवतो आणि वॉलवर व्ह्यूपोर्ट अनेक असतात. प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये आणि प्रत्येक पोस्ट प्रोसेस व्हॉल्यूममध्ये (चित्रावर शेवटचे परिणाम लावणाऱ्या भागात) एक्स्पोजर मॅन्युअल करा. एकही व्हॉल्यूम विसरला गेला तर दोष परत येतो. व्हिन्येट (कडांचा काळोख), ब्लूम (उजेडाभोवतीचं वलय), मोशन ब्लर (हालचालीची धूसरता) यांचंही तेच. आमच्या ओल्या फरशीत खांबाचं प्रतिबिंब पडलं होतं आणि ते सांध्याच्या रेषेवर कापल्यासारखं तुटत होतं, कारण ते स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शन होतं. जो परिणाम ‘माझ्या चौकटीत काय दिसतंय’ यावरून ठरतो, तो सांध्यावर फुटणारच. प्रतिबिंबासाठी आम्ही रिफ्लेक्शन कॅप्चर (आधीच टिपून ठेवलेली प्रतिबिंबं) लावले. थोडी नजाकत गेली, पण फरशी एकसंध झाली.

दुसरी पावसाची, आणि इथे मला थोडं थांबायचं आहे. वाऱ्याने तिरकी झालेली सर डावीकडून यायची आणि मधल्या सांध्याला येऊन नाहीशी व्हायची. पलीकडे दुसरीच सर पडत असायची. दोन शहरांतला पाऊस शेजारी शेजारी लावल्यासारखा. चौकातल्या केळीचं पान मात्र सांध्यावरूनही नीट डोलत होतं. हे सगळ्यात आधी पाऊस करणाऱ्या मुलीच्याच लक्षात आलं. तीन आठवडे तिने तो पाऊस घडवला होता. ती वॉलच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “मॅम, पान जुळतंय, पाऊस जुळत नाहीये.” निदान त्या एका वाक्यात झालं. पानाचं डोलणं मटेरियलमध्ये होतं आणि घड्याळावर चालत होतं, घड्याळ एनडिस्प्ले दोन्ही मशीनवर एकच ठेवतं. पाऊस नायगराच्या, म्हणजे इंजिनच्या कण-प्रणालीच्या, कणांचा होता आणि प्रत्येक मशीन आपापले फासे टाकून थेंब पाडत होतं. कण-प्रणाली डिटर्मिनिस्टिक, म्हणजे दर वेळी तशीच वागणारी, करता येते, दोन्हीकडे एकच सीड (फाशांचा सुरुवातीचा आकडा) देता येतं. पण आमच्या पावसाचं वजनही जास्त होतं. म्हणून तिने लांबचा पाऊस सरकत्या टेक्स्चरच्या थरांवर घेतला, मटेरियलमध्ये, पानासारखाच घड्याळावर. जवळची सर नंतर कंपोझिटिंगमध्ये, म्हणजे चित्रांचे थर जोडताना, घालायची असं ठरलं. काढून टाकलेल्या कामाचं तिला वाईट वाटलं आणि ते मी मान्य केलं. तीन आठवड्यांचं काम निघालं की वाईट वाटतंच. टीम सांभाळणाऱ्याने तिथे ‘चालायचंच’ म्हणून पुढे जाऊ नये.

तिसरी वजनाची. एका फ्रेमला लागणारा वेळ दाखवणारं ‘स्टॅट युनिट’ लावलं तर फ्रेम ५२ मिलिसेकंदांवर होती. २५ फ्रेमला मर्यादा ४० ची आणि लॅबमध्ये मी ३० च्या आत मागते, कारण वॉलवर इनर आणि आउटर (भोवतीचा) दोन्ही भाग वेगळे काढावे लागतात. लॅबमध्ये एकच खिडकी बघितली तर अर्धाच हिशेब दिसतो. आमचा काही बोजा पावसाचा होता: एकावर एक पारदर्शक थर म्हणजे तोच पिक्सेल पुन्हा पुन्हा रंगवणं. मेमरीही तुडुंब भरली होती, ती फरसबंदीच्या टेक्स्चरांनी.

फरसबंदी करणाऱ्या मुलाने प्रत्येक दगडाला ८के टेक्स्चर दिलं होतं. मी त्याला वॉलजवळ नेलं आणि हिशेब करायला लावला. अर्ध्या मीटरच्या पॅनेलमध्ये एका ओळीत १९२ पिक्सेल, म्हणजे दोन पिक्सेलमध्ये २.६ मिलिमीटर. ३० सेंटिमीटरचा दगड वॉलच्याच अंतरावर असेल तर त्याच्या रुंदीत ११५ दिवे येतात. त्या ११५ दिव्यांसाठी तो ८१९२ पिक्सेल रुंद चित्र पाठवत होता. असं एक टेक्स्चर कॉम्प्रेस करूनही साधारण ८५ एमबी घेतं. रंग, नॉर्मल (उंचसखलपणा) आणि खडबडीतपणा असे तीन नकाशे, असे ४० दगड, म्हणजे १० जीबी नुसत्या फरशीला. आख्खी ५ मीटरची वॉल १९२० पिक्सेल रुंद आहे, साध्या एचडी टीव्हीएवढी. हे ऐकून मुलं दर वर्षी चमकतात. २के टेक्स्चरवर आणल्यावर वॉलवर कुणालाही फरक दाखवता आला नाही, त्याला स्वतःलाही नाही.

सुतळीची चाचणी

खांब ‘पोहतो’, म्हणजे कॅमेरा हलला की मागचं जग जमिनीवरून सरकल्यासारखं वाटतं, ही तक्रार आली की मुलं कॅमेऱ्याची जागा इंजिनला सांगणाऱ्या ट्रॅकरकडे धावतात. ट्रॅकर दोषी असेलही, पण आधी दोन रुपयांची सुतळी घ्या.

कॅमेऱ्याच्या बाजूच्या एका स्टँडपासून वॉलपर्यंत, वॉलला काटकोनात, मीटरभर उंचीवर सुतळी ताणून बांधा. इंजिनमध्ये त्याच उंचीवर, त्याच रेषेत, वॉलच्या मागे जाणारी एक पातळ दांडी ठेवा. आता कॅमेऱ्यातून बघत कॅमेरा डावी-उजवीकडे, वर-खाली न्या. सुतळी आणि दांडी मिळून एकच सरळ रेषा दिसली पाहिजे.

वॉलपाशी दोघींची टोकंच जुळत नसतील, तर चूक वॉलच्या मापात किंवा शून्यबिंदूत आहे. इंजिनमधली वॉल आणि खरी वॉल एका जागी नाहीत, टेप घेऊन पुन्हा मोजा. टोकं जुळतात पण दांडी तिथून वाकडी निघते, तर कॅमेऱ्याची जागा चुकते आहे: ट्रॅकर कॅमेऱ्यावर जिथे बसवला आहे तिथून लेन्सच्या प्रवेशबिंदूपर्यंतचं अंतर चुकलं आहे किंवा लेन्स फाइल (लेन्सची मापं असलेली) दुसऱ्याच लेन्सची आहे. कॅमेरा थांबलेला असताना रेष सरळ आणि हलवताना वाकडी, तर हा उशीर आहे. ट्रॅकरपासून पॅनेलपर्यंत काही फ्रेम जातातच. इनर फ्रस्टमला कडेने जास्त मार्जिन द्या आणि पॅन सावकाश घ्या. वेगवान पॅन लागणारा शॉट वॉलवर न घेण्याचा निर्णय स्टोरीबोर्डवरच झालेला बरा.

या चाचणीने दोन वर्षांत आमचे किती तास वाचले ते मी मोजलेले नाहीत. पण सुतळीचं बंडल आता आमच्या किटमध्ये लेन्सच्या शेजारी असतं.

पोहणाऱ्या खांबाचं आणखी एक कारण असतं, साधं पण लाजवणारं: माप. अनरियलमध्ये एक युनिट म्हणजे एक सेंटिमीटर. ब्लेंडरमधून आलेलं मॉडेल शंभरपट चुकलं तर लगेच कळतं. दहा टक्क्यांनी चुकलं तर मॉनिटरवर कुणालाच कळत नाही आणि वॉलसमोर नट उभा राहिला की वाडा बाहुल्यांचा वाटतो. सीनमध्ये पहिल्या दिवसापासून १७० सेंटिमीटरचा एक करड्या रंगाचा माणूस उभा ठेवा. शिवाय मुलांना खऱ्या वाड्यात न्या आणि पायरी मोजायला लावा. स्वतः मोजलेली पायरी चुकत नाही.

खोटी भिंत आणि कुलूप

इथपर्यंतचे सगळे दोष शूटच्या दिवशी सापडायची गरज नसते, आणि टीम लीडचं खरं काम तेच आहे. आम्ही आता दुसऱ्या आठवड्यापासून लॅबमध्ये खोटी भिंत उभी करतो. ५५ इंची दोन टीव्ही शेजारी शेजारी, प्रत्येकाला वेगळं मशीन, वर एनडिस्प्ले आणि सगळी मशीन एकत्र चालवणारा स्विचबोर्ड, आणि एका साध्या कॅमेऱ्यावर व्हाइव्हचा ट्रॅकर. मोआरे (कॅमेऱ्यात दिसणाऱ्या लाटा) आणि रंग त्यावर कळत नाहीत. पण सांधा कळतो, एक्स्पोजर कळतं, पाऊस जुळतो की नाही ते कळतं आणि सुतळी तिथेही बांधता येते. दर गुरुवारी ज्याने जे केलं असेल ते खोट्या भिंतीवर चढतं, अर्धवट असलं तरी. करड्या ठोकळ्यांचा वाडा पहिल्या गुरुवारी चढला तरी चालेल, सुंदर खांब पाचव्या आठवड्यात पहिल्यांदा चढलेला चालणार नाही. ‘माझ्या मशीनवर’ या शब्दांना गुरुवारी जागा नसते, तिथे मशीन सगळ्यांचं असतं.

फाइलींसाठी परफोर्स हे आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरा आणि बायनरी फाइल एका वेळी एकाच्याच हातात राहील अशी लॉक करा. पेनड्राइव्हवरून ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरंच फायनल’ आणणं पहिल्याच दिवशी बंद. वॉलवर जाणाऱ्या बिल्डला (सीनच्या अंतिम प्रतीला) हात लावण्याचा हक्क एकाच विद्यार्थ्याला द्या. ही जबाबदारी मी सगळ्यात हुशार कलाकाराला देत नाही, ‘नाही’ म्हणू शकणाऱ्याला देते.

शूटच्या सात दिवस आधी कुलूप लागतं. त्यानंतर काढून टाकता येतं, नवं काही घालता येत नाही. यावर दर वर्षी वाद होतो, डोळ्यांत पाणी येतं, “फक्त एक कंदील, मॅम” अशी विनवणी होते. मागे एकदा मी कंदिलाला हो म्हटलं होतं. त्याचा हलता प्रकाश सगळ्या चौकात सावल्या पाडत होता आणि शूटची सकाळ त्यातच गेली. तो निर्णय माझा होता, मुलांचा नाही.

भाड्याची वॉल घेताना

मंडपवाल्यांकडे बहुधा ३.९ मिलिमीटर पिचच्या (दोन पिक्सेलमधलं अंतर) वॉल असतात. डोळ्याला छान दिसतात, कॅमेऱ्यात मोआरेच्या लाटा येतात. २.६ मिळाली तर घ्या. नाही मिळाली तर नटाला वॉलपासून लांब उभं करा, लेन्सचं छिद्र उघडं ठेवा आणि फोकस वॉलवर कधीच जाऊ देऊ नका. पॅनेलचा रिफ्रेश रेट विचारा: १९२० हर्ट्झच्या पॅनेलवर कॅमेऱ्यात आडव्या पट्ट्या दिसण्याची शक्यता ३८४० पेक्षा जास्त. पैसे देण्याआधी स्वतःचा कॅमेरा, स्वतःची लेन्स घेऊन गोदामात जा आणि चार पॅनेल लावून बघा. पुरवठादार सहसा नाही म्हणत नाहीत.

रंगाचा निवाडा कॅमेऱ्याच्या मॉनिटरवरच करा, वॉलकडे बघून नाही. वॉलचा काळा रंग सेटवरच्या दिव्यांनी राखाडी होतो, म्हणून दिव्यांना काळे फ्लॅग (उजेड अडवणारी कापडं) लावा. नटाच्या चेहऱ्यावर चांगला पांढरा दिवा हवाच. नुसत्या वॉलच्या उजेडात त्वचेचा रंग विचित्र येतो, कारण पॅनेलमध्ये फक्त लाल, हिरवा आणि निळा असे तीनच दिवे असतात.

आणि एक फोल्डर प्रत्येक मशीनवर ठेवा. त्यात प्रत्येक शॉटच्या पार्श्वभूमीचं आधीच रेंडर केलेलं, कॅमेरा स्थिर धरून काढलेलं चित्र असावं. ट्रॅकर बंद पडला, सिंक कार्ड रुसलं, दुपारचे चार वाजले, तर कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट करा, ते चित्र वॉलवर लावा आणि शॉट घ्या. वाड्याच्या शूटमधला शेवटचा शॉट आम्ही तसाच घेतला. खांबाला टेकून नट बसला होता, मागे थिजलेला चौक होता आणि जवळचा पाऊस त्या मुलीने दोन आठवड्यांनी कंपोझिटिंगमध्ये घातला.